घरून पाठिंबा नाही

मी केझायाबद्दल एकदा एक वाक्य बोललो. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. माझ्या हातून आयुष्यात याहून मोठ्या चुका झाल्या असतील. पण दाढी करताना आरशातल्या माणसावरून नजर काढून घ्यावी लागते, ती या एका वाक्यापायी.

मी रसेल टूही. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बॅलरॅटचा, म्हणजे पोर चालायला लागायच्या आधी चेंडूला लाथ मारतं अशा गावचा. चौदा वर्षांपूर्वी शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून डनमोरला आलो. क्वीन्सलंड राज्याच्या उत्तर भागातलं हे गाव. तीन बाजूंना ऊस, चौथीला खाडी आणि मधे साखर कारखान्याची चिमणी. गाळप सुरू झालं की मळीचा वास पावापर्यंत जातो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर जाळलेल्या पाचटाची काळी राख येऊन बसते.

इथे ‘फुटी’ म्हणजे रग्बी लीग. पोरांचे बाप लीग खेळले, आजे लीग खेळले, आणि पाद्रीबाबासुद्धा रविवारी सामना असला की सकाळचं प्रवचन थोडक्यात आटपतात. आमच्या खेळाला, ऑसी रूल्सला, इथले लोक ‘बेडूकउड्या’ म्हणतात. मी पहिल्या वर्षी कारखान्याजवळच्या क्रिकेटच्या मैदानावर उसाला पाणी देण्याचे जुने ॲल्युमिनियमचे पाइप उभे करून खांब केले. आम्हाला दोन्ही टोकांना चार-चार खांब लागतात. लोक गाडी थांबवून विचारायचे, “काय रे, पाणी कुठं सोडायचंय?”

सात पोरं आली त्या वर्षी. आमच्या खेळात चेंडू फेकायचा नाही, एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा. ही पोरं लीगमधली. चेंडू हातात आला की त्यांचे हात आपोआप मागे वळायचे आणि फेकून मोकळे व्हायचे. मी शिट्टी वाजवून वाजवून दमायचो. तरी दर वर्षी दोन-चार पोरं वाढत गेली, मुलींचा संघ झाला, आणि ब्रिस्बेनच्या राज्य अकादमीनं आमच्या त्या मैदानाला ‘उत्तर विभागाचं विकास केंद्र’ असं नाव दिलं. पाइपांवर पाटी लागली. मला त्या पाटीचा अभिमान होता.

केझाया लॅमन मला शाळेत दिसली, मधल्या सुट्टीत. तेरा वर्षांची असेल. मुलांनी चेंडू उंच मारला होता आणि तीन-चार जण खाली हात पसरून उभे होते. ही मागून धावत आली, एका मुलाच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर गेली आणि दोन्ही हातांनी चेंडू आभाळातून काढून खाली उतरली. उतरल्यावर त्या मुलाला म्हणाली, “सॉरी, लागलं का?”

याला आमच्यात मार्क म्हणतात. हवेतला चेंडू स्वच्छ धरायचा, मग तुम्हाला कोणी हात लावायचा नाही, निवांत किक मारायची. हे शिकवायला मला वर्षं लागतात. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. माझा चहाचा कप तसाच हातात राहिला.

त्याच आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. ओढ्याकाठी, खांबांवर उभं असलेलं लाकडी घर. तिची आई टाउन्सव्हिलला कामाला, बाप नव्हता. घर चालायचं ते तिच्या आजीच्या शब्दावर. सगळं गाव त्यांना नॅना एफी म्हणायचं. हे लोक साउथ सी आयलंडर. त्यांचे पूर्वज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेटांवरून जहाजांत घालून इथे ऊस तोडायला आणलेले. नॅना टेबलाशी बसून नारळ खवत होत्या. शेजारी केझायाचा मामा ऑगी. तो कारखान्याची उसाची आगगाडी चालवायचा, आणि गावच्या लीग संघाचा एके काळचा कप्तान.

“बेडूकवाला आला,” ऑगी म्हणाला. “आई, ऐक आता. हा आपल्या केझला उड्या मारायला शिकवणार.”

“उड्या ती मारतेच,” मी म्हणालो. “मी फक्त किक शिकवीन.”

“आणि लीग? आमच्या घरात चार पिढ्या लीग आहे, टूही. तिच्यासाठी मुलींच्या संघात जागा राखून ठेवलीय मी.”

“ऑगी, तिला राज्याच्या संघात जायची संधी आहे. मी उगाच नाही बोलत.”

नॅनांनी खवणी बाजूला ठेवली. “पोरगी काय म्हणते?”

केझाया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. “मला करून बघायचंय, नॅना.”

“मग कर,” नॅना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पण तू ऐक. चांगलं असो, वाईट असो, पोरीबद्दल जे असेल ते तू स्वतः इथं येऊन सांगायचं. या टेबलाशी बसून. चिठ्ठ्याचपाट्या नकोत मला.”

“शब्द देतो, नॅना.”

“शब्द नको देऊस. ये म्हणजे झालं.”

दोन वर्षं ती मुलगी माझ्या हाताखाली खेळली. सकाळी सहाला, गवत ओलं असताना, मी मैदानावर पोचायच्या आधी ती पाइपांच्या मधून एकटीच किक मारत असायची. डावा पाय कच्चा होता. तिनं उन्हाळ्याची सगळी सुट्टी नुसत्या डाव्या पायानं काढली. इथली पोरं मास्तरांना नावानं हाक मारतात, तशी तीही मला “रस” म्हणायची आणि अरेतुरे करायची. “रस, तू किक मारताना जीभ बाहेर काढतोस, माहितीय का तुला?” असं सगळ्यांसमोर म्हणायची. मी जीभ आत घ्यायचो आणि सगळ्या मुली खिदळायच्या.

दुसऱ्या वर्षी सास्किया आली. तिचे वडील हॅमिश कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर इंजिनिअर म्हणून माझ्याच मुलखातल्या जिलाँगहून बदलून आले होते. सास्किया सहा वर्षांची असल्यापासून हा खेळ खेळलेली. उंच, दोन्ही पायांनी किक, मैदानावर कुठे उभं राहायचं ते पक्कं ठाऊक. मुलगी गुणी होती, तिला यात काडीचा दोष नाही. पण चेंडू वर गेला की सास्किया तो कुठे पडेल ते बघायची, आणि केझाया तो पडूच द्यायची नाही. हा फरक मला दिसत होता. मला सोडून इथे तो कोणाला दिसणार होता?

हॅमिश प्रत्येक सरावाला यायचे. कुंपणापाशी हाताची घडी घालून उभे राहायचे आणि नंतर सभ्यपणे विचारायचे, “निवड कशी होते? निकष लेखी असतात का? ब्रिस्बेनला कोणाशी बोलावं?” एकदाही आवाज चढवला नाही. पण ते विचारायला लागले की मी घाईघाईनं चेंडू गोळा करायला लागायचो. हा माणूस पत्र लिहील, वर जाईल, केंद्राची चौकशी लावील, पाटी जाईल, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये नॅनांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार गावच्या इस्पितळात डायलिसिस सुरू झालं. सोमवारी आणि शुक्रवारी ऑगी न्यायचा. बुधवारी त्याची कारखान्यात पाळी असायची. केझाया माझ्याकडे आली.

“रस, बुधवारी मी नाही आले तर चालेल? नॅनाबरोबर बसायला कोणी नसतं. मी बाकीच्या दिवशी लवकर येईन.”

“अगं, विचारतेस काय? जा. मी टिपून ठेवतो.”

मी टिपलं काहीच नाही. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे बुधवारी फुली पडत गेली.

एप्रिलमध्ये टाउन्सव्हिलला विभागीय चाचणी झाली. दोघी खेळल्या. मे महिन्यात ब्रिस्बेनहून मार्गोचा फोन आला. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या राज्य संघाचं काम मार्गो बघायची. कामाची बाई, वेळ घालवायची नाही.

“रसेल, उत्तरेकडून एकच जागा आहे. तुझ्या दोघी जवळजवळ सारख्या उतरल्यात. मी केझायाकडे झुकतेय, पण सास्कियाच्या वडिलांची ईमेल आलीय, निकष विचारणारी. त्यामुळे मला कागदावर कारण हवं. दोघींना रोज बघणारा तू. कोण?”

मला फक्त “केझाया” म्हणायचं होतं. चार अक्षरंसुद्धा नाहीत. पण ईमेलचं ऐकलं आणि कुंपणापाशी हाताची घडी घालून उभे असलेले हॅमिश माझ्या डोळ्यांसमोर आले. केझाया गेली नाही तर लॅमन मंडळी काय करतील, हाही विचार त्याच क्षणी आला. काही करणार नाहीत. त्यांना ईमेल कोणाला लिहायची ते माहीत नाही.

मी म्हणालो, “केझायाचं कसं आहे... घरून पाठिंबा नाही तिला. सरावही चुकतात.”

पलीकडे टकटक टकटक आवाज आला. मार्गो ते टाइप करत होती. मी अजूनही ‘थांब’ म्हणू शकलो असतो.

“बरं,” ती म्हणाली. “मग सास्किया. थँक्स, रसेल.”

शुक्रवारी यादी सगळ्या मुलींच्या फोनवर गेली. मी ओढ्याकाठच्या त्या घरी गेलो नाही. शाळेची कामं होती, गाडीचं टायर होतं, काय काय होतं. शनिवारी सकाळी केझाया नेहमीसारखी माझ्या आधी मैदानावर. डोळे सुजलेले.

“रस, कुठे कमी पडले मी?”

आणि इथे मी दुसरं पाप केलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “तू कमी नाही पडलीस. ब्रिस्बेनवाल्यांनी ठरवलं. मी खूप भांडलो तुझ्यासाठी.”

तिनं मान हलवली. “मला वाटलंच होतं तू भांडला असशील,” ती म्हणाली आणि डाव्या पायानं किक मारायला लागली.

पुढच्या शनिवारी दुपारी ऑगी माझ्या दारात बादली घेऊन उभा. बादलीत ओल्या गोणपाटाखाली चार मोठे खेकडे, नांग्या दोरीनं बांधलेल्या.

“आईनं पाठवलेत. म्हणाली, माणूस आपल्या पोरीसाठी भांडला.” तो जरा घुटमळला. “मी तुला बेडूकवाला बेडूकवाला म्हणतो, मनावर घेऊ नकोस.”

मी बादली घेतली. माझी बायको ब्रॉन्विन खूष झाली, तिनं आलं-लसूण घालून खेकडे केले. मला घास गिळवला नाही असं सांगायला बरं वाटलं असतं. पण मी पोटभर खाल्लं. चांगले झाले होते. सोमवारी बादली धुऊन परत केली आणि नॅनांना निरोप पाठवला, फार छान होते म्हणून.

असे तीन महिने गेले. केझाया येत राहिली. सगळ्यांत लवकर येऊन सगळ्यांच्या शेवटी जायची, कारण रस आपल्यासाठी भांडलाय, आता पुढच्या वर्षी आपण त्याला तोंडघशी पाडायचं नाही, असं ती इतर मुलींना सांगायची. मला ते कळायचं. मी खांबांच्या नटबोल्टांशी खुडबुड करत राहायचो.

ऑगस्टमध्ये राज्य अकादमीनं चाचणी दिलेल्या प्रत्येक मुलीला मूल्यमापनाचं पत्र पाठवलं. हे त्यांनी त्याच वर्षी सुरू केलं होतं. मला त्याची कल्पना नव्हती. धावण्याचे आकडे, उडीचे आकडे, आणि खाली चौकटीत ‘स्थानिक प्रशिक्षकाचा शेरा’.

त्या गुरुवारी केझाया सरावाला आली नाही. शुक्रवारी शाळा सुटताना ऑगी वाहनतळावर माझ्या गाडीला टेकून उभा होता. कामाचा पिवळा सदरा, हातांना वंगण. त्यानं घडी केलेला कागद पुढे केला.

“वाच.”

“ऑगी, मी...”

“मला वाचता येतं, टूही. तुझ्या आवाजात ऐकायचंय.”

आजूबाजूला पोरं बसमध्ये चढत होती. मी वाचलं. “घरून पाठिंबा नाही. सरावाला अनियमित.”

“पुन्हा.”

मी पुन्हा वाचलं. त्यानं कागद घेतला, होता तसाच घडी केला आणि खिशात ठेवला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

“पोरीनं मला दाखवलं, आईला नाही,” तो म्हणाला. “काल दिवसभर बोलली नाही ती. मग मला विचारते, मामा, आपण कुठं कमी पडलो? ‘आपण’ म्हणाली. रविवारी चर्च सुटल्यावर ये. आईला तू सांगायचंस.”

घरी येऊन ब्रॉन्विनला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “आणि मी ते खेकडे चवीनं खाल्ले, रसेल.” दुसऱ्या खोलीत निघून गेली.

रविवारी मी गेलो. नॅना त्याच टेबलाशी. तीन महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या; हातावर सुयांच्या जागी निळे डाग. ऑगी खिडकीशी, केझाया समोर. तिच्यासमोर बोलावं लागणार हे मी धरून चाललो नव्हतो.

“बस,” नॅना म्हणाल्या. “ऑगी म्हणतो तुला काही सांगायचंय.”

मी सांगितलं. आधी जरा गुळमुळीत सुरुवात केली, की जागा एकच होती, वेळ कमी होता. नॅनांनी बोट उचललं. “ते नको. तू काय बोललास ते सांग. जसं बोललास तसं.”

मी जसं बोललो होतो तसं सांगितलं. मग भांडल्याचं खोटं सांगितलं तेही. खेकड्यांचंही.

मग केझायानं विचारलं, “सास्किया माझ्यापेक्षा चांगली आहे का?”

“नाही.”

“मग का?”

मी दोन दिवस याचं उत्तर तयार करत होतो. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. “तिला नाही घेतलं तर तिचे वडील विचारतील, अशी मला भीती होती. तुझं कोणी विचारायला येणार नाही, हे मला माहीत होतं.”

ऑगीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. नॅना आपल्या हातांकडे बघत होत्या.

“माझ्या आजोबांना जहाजातून उतरवलं,” त्या म्हणाल्या, “तेव्हा टेबलाशी एक माणूस बसला होता. आजोबांनी नाव सांगितलं. त्याला ते नीट ऐकू आलं नाही म्हणून त्यानं काहीतरी दुसरंच लिहिलं. लॅमन. ते नाव आम्ही अजून लावतो.” त्या थांबल्या. “त्याला निदान ऐकू आलं नव्हतं.”

मला रडू आलं. नॅना म्हणाल्या, “रडू नकोस. इथं तुला कोणी समजूत घालणार नाही. ब्रिस्बेनला काय लिहिलंय ते दुरुस्त कर. पोरीसाठी नाही, त्या कागदासाठी. खोटा कागद राहता कामा नये. आता चहा पी आणि जा.”

मी चहा प्यायलो. केझायानंच कप आणून ठेवला होता. मी उठलो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, “मिस्टर टूही, तुमची टोपी राहिली.”

तुमची. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी टोपी घेतली आणि पायऱ्या उतरलो.

सोमवारी मी मार्गोला सगळं लिहून पाठवलं, काही न लपवता. तिचा फोन आला. “रसेल, संघ ठरलाय, आता बदलता येणार नाही. शेरा मी काढून टाकते आणि तुझं पत्र जोडते. पुढच्या चाचणीला केझायाला थेट बोलावू. पण यापुढे तुझी शिफारस मी घेऊ शकत नाही. तुला समजतंय ना?”

“समजतंय.”

“टाउन्सव्हिलहून दुसरं कोणी येऊन निवड करेल. तू शिकवत राहा, हवं तर.” जरा थांबून ती म्हणाली, “मी झुकतेय म्हटलं होतं रे मी. तू नुसतं ‘हो’ म्हणायचं होतंस.”

संघातल्या मुलींनाही सांगणं भाग होतं, कारण गावात कुजबुज सुरू झाली होती आणि त्यात लॅमन मंडळींचीच नालस्ती होत होती. आजी आजारी, आई बाहेर, पोरीकडे कोण लक्ष देणार, असं. म्हणून गुरुवारी मैदानावर सगळ्यांना आणि त्यांच्या आईबापांना गवतावर बसवून मी उभा राहिलो आणि बोललो. बोलताना माझ्या लक्षात आलं की मी आणखी एका मुलीला दुखावतोय. सास्कियाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं उठून बूट काढले आणि हातात घेऊन गाडीकडे चालू लागली.

हॅमिश माझ्याकडे आले. मी तयारीत होतो. ते म्हणाले, “मी तक्रार केली असती, असं तुम्हाला का वाटलं?”

“तुम्ही निकष विचारत होता.”

“नवीन गाव होतं. मला काही माहीत नव्हतं म्हणून विचारत होतो.” त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. “केझाया चांगली आहे हे मला दिसत नव्हतं का? घरी आम्ही तेच बोलायचो. तुम्ही मला काय समजलात, आणि माझ्या मुलीला आता मी काय सांगू?”

वर्षभर ज्या माणसाला मी घाबरलो तो माणूस मुळात नव्हताच; मीच उभा केला होता तो, कुंपणापाशी.

सास्किया राज्य संघातून खेळली. चांगली खेळली असं ऐकलं. आमच्या मैदानावर ती पुन्हा आली नाही.

चाचणीचं बोलावणं आलं तेव्हा मी ते घेऊन ओढ्याकाठच्या घरी गेलो. केझाया पायऱ्यांवर बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. लीगचे बूट. तिनं पत्र वाचलं आणि परत दिलं.

“मी मुलींच्या लीग संघात आहे आता, ऑगीमामाच्या. पुढच्या आठवड्यात उपांत्य सामना आहे. त्यानंतरही तिथंच खेळेन.”

“केझाया, माझ्यामुळे नको सोडूस. तिथे आता मी नसेन. निवडायला दुसरं कोणी येणार आहे.”

“तुमच्यामुळे नाही,” ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. विचार करून बोलत होती. “मला तिथं कोणाला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. बरं वाटतं. एवढंच.”

“चेंडू उंच आला की अजून तशीच...”

“हो. बॉम्ब म्हणतात त्याला इथं. सगळ्या सोडून देतात, मी धरते.” ती किंचित हसली. त्या हसण्यात मी नव्हतो.

उपांत्य सामन्याला मी गेलो. शनिवारची दुपार, कारखाना चालू, हवेत राख. सगळं गाव होतं. नॅनांना खुर्चीत बसवून, पायांवर चादर घालून मैदानाच्या कडेला आणलं होतं. मी लांब, स्वच्छतागृहाच्या बाजूच्या कुंपणापाशी उभा राहिलो. पाऊण तासात तीन वेळा चेंडू आभाळात गेला आणि तीनही वेळा केझाया गर्दीतून वर आली, गुडघा पुढे, दोन्ही हात उघडे. तिसऱ्यांदा लोक ओरडले नाहीत, नुसते हसले, सुखानं. सामना त्या दोन गुणांनी हरल्या. मुली गवतावर आडव्या पडल्या आणि ऑगी संत्र्याच्या फोडींची परात घेऊन एकेकीपाशी वाकत फिरला.

मी मान उंच करून उभा होतो. मग लक्षात आलं की मी खेळ बघत नाहीये. तिनं एकदा इकडे बघावं, मी आलोय हे तिला दिसावं, याची वाट बघतोय. ती हरून पडली होती आणि मला माझी हजेरी लागायला हवी होती. कान तापले माझे. मी टोपी ओढून घेतली आणि मागच्या फाटकानं निघालो.

नॅना फेब्रुवारीत गेल्या. चर्च भरून लोक बाहेर उन्हात उभे होते, त्यात मी आणि ब्रॉन्विन. केझायानं रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही, तितकाच वेळ.

मी अजून शिकवतो. बारा वर्षांखालची पोरं आहेत, हात मागे वळणारी. निवड मी करत नाही. पण टाउन्सव्हिलहून यादी आली की ज्यांचं नाव नसतं त्यांच्या घरी मी जातो, शेरा वाचून दाखवतो आणि त्यांना जे बोलायचं असेल ते ऐकून घेतो. यंदा अकरा घरं झाली. एका बापानं मला अंगणातच उभं केलं आणि पोरीला हाक मारली, “ये गं बाहेर, टूही आलाय.” ती आली, गृहपाठाची वही हातात, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी खिशातून कागद काढला.